जनावरांची संख्या: दोन

मी चाळीसगाव तालुक्यात एका छोट्या संस्थेत काम करते, चौदा वर्षं झाली आता. बचत गट, अंगणवाडीच्या बायकांसोबत पोषणाचं काम, मुलींचं शिक्षण हे आमचं मूळ काम. पण गावात काही आपत्ती आली की पहिला फोन आम्हालाच येतो त्यामुळे मदतीचं काम पण आपोआप आमच्याकडे येत गेलं. किट कसं भरायचं, यादी कशी करायची, तहसीलमधे कुणाला भेटायचं हे आम्ही करता करता शिकलो. ते करणाऱ्या माणसाचं काय होतं हे मात्र कुणी शिकवलं नाही, आणि ते पण शिकायचं असतं हेच माहीत नव्हतं. २०२२ च्या मे-जूनमधे मी त्याच्यावरचं एक ऑनलाइन ट्रेनिंग केलं. त्याबद्दल लिहायचं खूप दिवसांपासून मनात होतं, कारण आपल्या खान्देशात असं काम करणारे कितीतरी जण आहेत आणि बहुतेकांना असं काही शिकायला मिळतं हे ठाऊकच नाही.

आधी पुराचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

३१ ऑगस्ट २०२१. पाटणादेवीच्या डोंगरात रात्रभर पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम फुगल्या, कन्नड घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, चाळीसगाव शहरात दुकानंच्या दुकानं पाण्यात गेली. पण काठावरच्या गावांचं जे झालं ते वेगळंच होतं. माणसं कशीबशी उंचावर गेली, जनावरं मात्र खुंट्याला बांधलेली होती. ती तशीच गेली. शेकडोंनी गेली. आणि सहा दिवसांवर पोळा होता.

आम्ही लगेच यादी करायला बाहेर पडलो. आमचा एक पानाचा फॉर्म होता, कुटुंबप्रमुखाचं नाव, घरात माणसं किती, घराची पडझड, धान्य किती भिजलं, जनावरांची संख्या. तिसऱ्या दिवशी एका गावात मी एका म्हाताऱ्या बाबांच्या दारात उभी होते. त्यांचे दोन्ही बैल खुंट्यापाशीच मेले होते, नुकतेच जेसीबीनं उचलून नेले होते. दाव्याची गाठ पाण्यानं फुगून इतकी घट्ट बसली होती की शेवटी विळ्यानं दावं कापावं लागलं, ते कापलेले दोन तुकडे बाबांच्या हातात होते. मागे गोठ्यात सरकीची ढेप भिजून आंबलेली, तिचा वास, ओल्या बारदानाचा वास. आणि वर आढ्याला, पाणी पोचलं नाही तिथं, पोळ्यासाठी आणलेल्या नव्या मोरक्या आणि घुंगरं टांगलेली, अजून कागदात गुंडाळलेली.

मी विचारलं, बाबा जनावरं किती? ते म्हणाले, "राज्या आन् पाखऱ्या. लिखी ले वं ताई, दोन्हीस्ना नाव लिखी ले."

फॉर्ममधे नावाची जागा नव्हती. मी लिहिलं, २. आणि पान उलटून पुढच्या घरी गेले. त्या दिवशी आम्ही एकेचाळीस घरं केली.

तेव्हा मला काहीसुद्धा झालं नाही हे मुद्दाम सांगते. पुढचे दोन महिने मी झपाटल्यासारखी काम करत होते, किराणा किट, ब्लँकेट, शाळेची दप्तरं, पशुखाद्य, सगळं. लोक म्हणायचे ताई तुम्ही कधी थकत नाही का, आणि मला ते बरं वाटायचं. खरं तर थांबायची भीती वाटत होती हे मला आत्ता कळतंय.

डिसेंबरमधे अवकाळी पाऊस झाला. आमच्या गल्लीत एका दुकानापुढे टेम्पोतून ढेपीची पोती उतरवत होते, दोन-तीन पोती भिजली होती. मी गाडी काढत होते आणि तो वास आला. एवढंच झालं. हात बर्फासारखे गार पडले, छातीत धडधड, कानात सूं असा आवाज, गाडीची चावी फिरवायची असते हे सुद्धा सुचेना. किती वेळ तशी उभी होते माहीत नाही, शेजारच्या काकू आल्या आणि हाताला धरून घरात घेऊन गेल्या. दवाखान्यात ईसीजी काढला, बीपी बघितलं, सगळं नॉर्मल. ताकदीच्या गोळ्या मिळाल्या.

त्यानंतर पत्र्यावर पाऊस वाजला की पहाटे तीनला जाग यायची आणि मग झोप नाही. मुलीनं तिच्या मावशीच्या लग्नासाठी नवा ड्रेस मागितला तर मी तिच्यावर ओरडले, लोकांचे बैल मेले आणि तुला ड्रेस सुचतात. दहा वर्षांची पोर, ती काही बोलली नाही, नंतर तिनं ड्रेसचं नावच काढलं नाही. घरचे एकदा म्हणाले, तू ऐकतेस पण तुला ऐकू येत नाही. मला वाटायचं वय झालं, थायरॉइड असेल, कामाचा लोड आहे. हे पुराशी जोडलेलं असेल असं एकदा पण मनात आलं नाही, कारण पूर माझ्या घरात आलाच नव्हता. माझं काय गेलं होतं?

एप्रिलमधे धुळ्याच्या एका मैत्रिणीनं व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पाठवला, मदतकार्य करणाऱ्यांसाठी आघाताच्या ताणाविषयी ऑनलाइन प्रशिक्षण, सहा संध्याकाळी, मोफत. मी नाव दिलं ते दुसऱ्यांसाठी. म्हणलं शिकून घेऊ, गावातल्या पूरग्रस्त बायकांना उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी झूमवर आम्ही अकरा जण होतो. धडगावकडची एक आशा कार्यकर्ती ताई, ती रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायची, मागे वाऱ्याचा आवाज यायचा. धुळ्याचे एक अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारे दादा, हायवेवरचे अपघात उचलणारे. कोविडच्या दुसऱ्या लाटेत जळगावकडे अंत्यविधी केलेली दोन तरुण मुलं. अमळनेरचे एक रिटायर्ड गुरुजी. बाकी आमच्यासारखे संस्थांवाले. शिकवणाऱ्या मॅडम पुण्याच्या, मानसशास्त्रवाल्या, मराठीतूनच बोलायच्या पण त्यांनी आधीच सांगितलं होतं की वाचायचं साहित्य बरंचसं इंग्लिशमधे आहे. त्यात कॅलिफोर्नियातल्या हेडिंग्टन इन्स्टिट्यूटचं पण होतं, ही संस्था जगभरातल्या मदतकार्य करणाऱ्यांच्या मानसिक आरोग्यावरच काम करते. मजकूर वाचायचा, मधेमधे थांबून स्वतःला प्रश्न विचारायचे, उत्तरं आपल्यापुरती लिहायची, असं ते. मी डिक्शनरी अ‍ॅप उघडून एकेक पान वाचायचे, एका पानाला अर्धा तास लागायचा, पण त्यामुळे प्रत्येक शब्दाजवळ थांबायला झालं आणि ते चांगलंच झालं.

मॅडमनी सुरुवातीला काही गोष्टी ठरवून घेतल्या त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. कुणी प्रसंगाचं भयंकर वर्णन करायचं नाही, आपल्याला काय झालं ते सांगा, काय दिसलं ते सगळं उघडून सांगायची गरज नाही, कारण ऐकणाऱ्याला पण ते लागतं. कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. मधेच उठून जावंसं वाटलं तर जा, कुणी कारण विचारणार नाही. आणि एक दुसऱ्या ताई पूर्ण वेळ फोनवर उपलब्ध होत्या, कुणाला त्रास झाला तर लगेच त्यांना लावायचा. आपल्याकडे ट्रेनिंग म्हणजे सगळ्यांनी उभं राहून अनुभव सांगा असा प्रकार असतो, मी स्वतः घेतलेल्या कितीतरी मीटिंगांमधे बायकांना तसं बोलायला लावलंय, त्याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

मग शब्दांवर गाडी आली. ट्रॉमा म्हणलं की आपल्याकडे हायवेवरचं ट्रॉमा केअर सेंटर. आघात म्हणलं तर ते पुस्तकी वाटतं, बोलताना कुणी म्हणत नाही. मॅडमनी विचारलं तुमच्याकडे काय म्हणतात. गुरुजी म्हणाले, धसका. धसका घेतला, हाय खाल्ली. आणि ते एकदम बरोबर होतं, सगळ्यांना पटलं, पुढचे सगळे दिवस आम्ही धसकाच म्हणत होतो. पण तेव्हाच आशा ताई म्हणाली की धसका ज्याचं गेलं त्याला बसतो, आपल्याला कसा बसेल, आपण तर कामाला जातो. नेमका हाच प्रश्न माझा पण होता.

मॅडमनी सांगितलं की हा प्रश्न जगभरातल्या डॉक्टरांना पण पडला होता. युद्धावरून आलेल्या सैनिकांचं बघून १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या अधिकृत यादीत पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा ताणाचा आजार, हे निदान आलं, ते अंगावर बेतलेल्यांसाठी. आणि दुसऱ्यांचं दुःख रोज ऐकून ऐकून मदत करणाऱ्याच्या आतच बदल होत जातात, जग सुरक्षित आहे, माणसं बरी असतात, आपल्या हातात काही आहे ह्या विश्वासांनाच तडा जातो, हे पर्लमन आणि मॅक्कॅन ह्या दोन बाईंनी १९९० मधे मांडलं. म्हणजे आपण रडके असतो म्हणून होत नाही. उलट ज्याला समोरच्याचं लागतं, जो मनापासून काम करतो, त्याला होतं. मी हे वहीत दोनदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशीचं सेशन माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं. धसक्याची लक्षणं कशी येतात ते मॅडम सांगत होत्या. एक म्हणजे प्रसंग परत परत येतो, स्वप्नात, डोळ्यापुढे, नाहीतर नुसता अंगात. दुसरं, आपण त्याची आठवण येईल ते सगळं टाळायला लागतो, तो रस्ता, ती माणसं, तो विषय. तिसरं, मन बधिर होतं, आनंद होत नाही, स्वतःचाच दोष वाटतो. आणि चौथं, शरीर कायम पहाऱ्यावर राहतं, झोप नाही, दचकणं, चिडणं. हे प्रसंगानंतर पहिले काही दिवस, महिनाभर सुद्धा होणं ही शरीराची साधी प्रतिक्रिया आहे, बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटून गेला, तरी तसंच आहे आणि घर, काम, झोप बिघडलीय, तर मग डॉक्टरांना दाखवायचं.

मी मोजलं. सप्टेंबर ते मे, नऊ महिने.

मग मी पहिल्यांदा माइक चालू केला आणि ढेपीच्या वासाचं सांगितलं. म्हणलं मला माणसं आठवत नाहीत, पूर आठवत नाही, नुसता वास येतो आणि हात गार पडतात, हे कसं काय. मॅडमनी जे सांगितलं ते मी शब्दश: नाही सांगू शकत पण साधारण असं, की आपण बघतो ऐकतो ते सगळं मेंदूत आधी एका चौकीवर थांबून मग पुढे जातं, वास मात्र त्या चौकीवर न थांबता थेट भीतीच्या आणि आठवणीच्या जागेपाशी जातो. म्हणून वास ओळखायच्या आधी अंग घाबरलेलं असतं. आणि भीतीच्या वेळी साठवलेली आठवण नीट तारीख लावून ठेवलेली नसते, त्यामुळे शरीराला ती आत्ताची वाटते. शरीराला डिसेंबर माहीत नव्हता, त्याच्यासाठी तो सप्टेंबरच होता.

मी कॅमेरा बंद केला आणि खूप रडले. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. बाजूच्या खोलीत सासूबाई होत्या, त्या आल्या, काही विचारलं नाही, पाण्याचा तांब्या ठेवून गेल्या.

तिसऱ्या दिवशी एक प्रश्नावली भरून घेतली, प्रोक्यूओएल म्हणतात तिला, तीस प्रश्न, गेल्या तीस दिवसांत असं किती वेळा वाटलं ते एक ते पाच मधे सांगायचं. त्यातून तीन आकडे निघतात, कामातून मिळणारं समाधान किती, थकून रिकामं होणं किती आणि दुसऱ्यांच्या दुःखाचा बसलेला धसका किती. मॅडमनी सांगितलं की हे निदान नाही, आरसा समजा. माझं समाधान भरपूर होतं आणि धसका पण भरपूर होता, दोन्ही एकदम असू शकतं हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं ज्याला काम आवडतं त्याला त्रास होत नाही आणि ज्याला त्रास होतो त्यानं काम सोडावं.

अ‍ॅम्ब्युलन्सवाले दादा तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी फक्त विचारलं, मॅडम ह्याचा आकडा कंपनीला कळतो का. नाही म्हणल्यावर मग त्यांनी भरलं. त्यांना नोकरीची काळजी होती आणि ती खरी काळजी आहे. आपल्याकडे डोक्याचा त्रास म्हणलं की माणूस कामातून गेला असं धरतात.

गुरुजींचं ऐकून मात्र सगळे गप्प झाले. ते १९९३ ला किल्लारीला गेले होते, तेव्हा तरुण होते, भूकंप ३० सप्टेंबरच्या पहाटे झाला, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर. ते म्हणाले, "एकोणतीस वर्षं झाली, मी विसर्जनाला घराबाहेर पडत नाही. घरचे समजतात मला गर्दी आवडत नाही." एवढंच बोलले. आयुष्यभर शाळेत शिकवलं, गाव त्यांना मानतं, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं.

श्वासाचे वगैरे प्रकार चौथ्या दिवशी झाले. त्यातलं मला जे खरंच उपयोगी पडलं ते सांगते. श्वास घेताना चार मोजायचे आणि सोडताना सहा-आठ, सोडणं लांबवलं की धडधड खाली येते कारण शरीराला शांत करणारी नस त्यानं कामाला लागते. आणि दुसरं म्हणजे आत्ताच्या जागेवर परत यायचं, दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. आमच्या आशा ताईनं त्याचं स्वतःचं करून टाकलं, ती भाकरी थापताना करते. पिठाचा स्पर्श, तव्याचा चटका, चुलीचा आवाज, कळण्याच्या भाकरीचा वास. ती म्हणाली मला डोळे मिटून बसायला जमत नाही, डोळे मिटले की तेच दिसतं. मॅडम म्हणाल्या मग मिटू नका, काही जणांना डोळे उघडे ठेवूनच बरं वाटतं. मला हे फार आवडलं, की एकच पद्धत सगळ्यांवर लादली नाही.

पाचव्या दिवशी मी मॅडमशी वाद घातला. तोपर्यंत सगळं आपण स्वतः काय करायचं ह्यावरच चाललं होतं, झोप घ्या, चाला, मैत्रिणीशी बोला. मी म्हणलं मॅडम, कार्यकर्तीचं मानधन तीन-तीन महिने थकलेलं असतं, पूर आला की पंधरा दिवस सुट्टी नाही, दिवसाला चाळीस घरांचं टार्गेट, आणि मग त्रास झाला की तिनंच श्वास मोजायचा का? हे तिच्यावरच ढकलण्यासारखं नाही का? मॅडम अजिबात चिडल्या नाहीत. त्या म्हणाल्या तुम्ही बरोबर बोलताय, आणि हे लिहून ठेवलेलं सुद्धा आहे. आपत्तीच्या वेळच्या मानसिक आधाराबद्दल यूएन आणि इतर संस्थांच्या आयएएससी ह्या समितीनं २००७ मधे मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात कर्मचारी आणि स्वयंसेवकांच्या मनाची काळजी घेणं हे संस्थेचं काम आहे असं स्वतंत्र प्रकरणच आहे. कामाचे तास, विश्रांती, नंतरची विचारपूस, सगळं त्यात येतं. आणि अजून एक सांगितलं जे मला नवीन होतं, प्रसंग झाल्या झाल्या सगळ्यांना एका खोलीत बसवून जे बघितलं ते बोलून मोकळं करून घ्यायचं अशी जी पद्धत होती ती आता सरसकट करू नका म्हणतात, डब्ल्यूएचओ पण नकोच म्हणतं, कारण त्यानं फायदा होत नाही, काहींना उलट त्रास वाढतो. त्याऐवजी बघा, ऐका, जोडून द्या. कुणाला काय गरज आहे ते बघा, तो बोलेल तेवढं ऐका, खोदून विचारू नका, आणि घरच्यांशी, डॉक्टरशी, मदतीशी जोडून द्या. आणि मग काही आठवड्यांनी परत विचारा, कारण तेव्हा सगळे विसरलेले असतात.

हे शेवटचं वाक्य मी धरून ठेवलं. पुराच्या पहिल्या आठवड्यात मला रोज वीस जण विचारत होते, ताई जेवलात का. डिसेंबरमधे एकानं पण विचारलं नाही, आणि मी पण कुणाला विचारलं नव्हतं. माझ्यासोबत तेव्हा सात पोरं-पोरी फॉर्म भरत होती.

शेवटच्या दिवशी एक पान दिलं, जे राहून गेलं ते लिहा, कुणाला दाखवायचं नाही. मी लिहिलं, राज्या आणि पाखऱ्या. खाली बाबांचं नाव, गावाचं नाव, तारीख. मग बराच वेळ तशीच बसले. मला इतके महिने टोचत होतं ते बैल मेल्याचं तर होतंच, पण माणूस नाव सांगत होता आणि मी आकडा लिहिला, ह्याचं जास्त टोचत होतं. मी घाईत होते, पुढची घरं होती, ते चूक नव्हतं, मॅडम पण म्हणाल्या की फॉर्म वेगानं भरला म्हणून तर मदत वेळेत पोचली. ते खरंच आहे. तरी पण ते लिहिल्यावर छातीवरचं काहीतरी हललं.

ट्रेनिंगनं मी बरी झाले असं नाही, हे स्पष्ट सांगते, कारण काही जण सहा दिवसांत सगळं बदलतं असं सांगतात. झोपेसाठी मी नंतर जळगावला मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले, चार महिने गोळ्या घेतल्या, समुपदेशन झालं. ट्रेनिंगनं एवढं केलं की मला तिथपर्यंत जायचं कारण कळलं आणि जायची लाज वाटली नाही. मुलीशी बोलले. तिला सगळं नाही सांगितलं, पण आईला कशाची भीती बसली होती आणि ओरडणं तुझ्यामुळे नव्हतं एवढं सांगितलं. तिनं विचारलं, म्हणजे मी ड्रेस मागितला ते चुकलं नव्हतं ना? पाच महिने पोरीनं ते मनात ठेवलं होतं.

त्या वर्षी पोळ्याला मी त्या गावात गेले. बाबांकडे एकच बैल होता, जावयानं आणून दिलेला, दुसरा शेजाऱ्याचा घेऊन जोडी लावली होती. आढ्यावरच्या त्याच मोरक्या घातल्या होत्या. मी पुरणपोळीचा घास दिला बैलाला. पुराचा विषय त्यांनी काढला नाही, मी पण काढला नाही. निघताना ह्या बैलाचं नाव विचारलं तर म्हणाले अजून ठेवलं नाही.

संस्थेत आम्ही काही गोष्टी बदलल्या. भांडून बदलल्या म्हणलं तरी चालेल, कारण पहिल्यांदा कमिटीला हा फालतू खर्च वाटला होता. दिवसाला वीस घरांच्या वर नाही. दोघं दोघं जायचं, एकट्यानं नाही. पाच दिवस काम की एक दिवस घरी, आणि तो दिवस भरपगारी. फॉर्मच्या खाली दोन ओळींची मोकळी जागा, तिथं माणूस जे सांगेल ते लिहायचं, बैलाचं नाव असो की काही असो. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय, कुठलंही मदतकार्य संपलं की त्यात असलेल्या प्रत्येकाचं नाव आणि तिसऱ्या आठवड्यातली एक तारीख. त्या दिवशी मी फोन लावते. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारचा मानसिक आधारासाठीचा टेली मानस नंबर सुरू झालाय, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात, तो त्याच कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. आमच्या वेळी तो नव्हता. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याचा विभाग असतो हे पण कितीतरी कार्यकर्त्यांना माहीत नाही, ते सांगत जा.

२२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ परधाडे-माहेजीच्या मधे ती रेल्वेची घटना झाली, पुष्पक एक्सप्रेसमधे आग लागल्याची अफवा पसरली, लोकांनी खाली उड्या मारल्या आणि बाजूच्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. त्या रात्री आमच्या ओळखीची काही पोरं दवाखान्यात मदतीला गेली होती, ब्लँकेट, पाणी, जखमींचे फोन चार्जिंगला लावणं, घरच्यांचे फोन आले तर कुठल्या दवाखान्यात आहेत ते सांगणं. परराज्यातली माणसं, काही तर पार नेपाळची. मी त्या पोरांना त्या रात्री काही विचारलं नाही, जेवण पाठवलं आणि घरी जाऊन अंघोळ करून झोपा एवढंच सांगितलं. कागदावर नावं आणि फेब्रुवारीची तारीख टाकली.

त्यातल्या एकाला, कॉलेजला आहे तो, मी त्या तारखेला संध्याकाळी फोन केला. दोनदा कट झाला. तिसऱ्यांदा उचलला. मी म्हणलं कसा आहेस रे, तर म्हणे एकदम ओके ताई. मी म्हणलं झोप कशी आहे. तो जरा थांबला. मग म्हणाला ताई मी फोन सायलेंटवर ठेवतो आजकाल, रिंग वाजली की पोटात गोळा येतो, तुमचा पण म्हणून उचलला नाही. त्या रात्री ते फोन वाजतच होते ना, आणि काही जणांना काय सांगायचं तेच कळत नव्हतं.

मी पुढे काही विचारलं नाही. कढईत भाजी होती, मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून खाली बसले. तो बोलायला लागला.